लढाई मनातून सुरू होते

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष 'ब')



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या शिष्यांसह गालीलातून चालला आहे. आपल्याला धरून देतील, ठार मारतील आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा उठू, असे तो त्यांना सांगतो आहे. गुरू आपल्या मरणाविषयी बोलतो आहे आणि मागून चालणारे शिष्य कशात गुंतले आहेत? आपल्यात मोठा कोण, या वादात! कफर्णहूमच्या घरी पोहोचल्यावर प्रभूने त्यांना त्याविषयी विचारले, तेव्हा एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. लाज वाटली असावी.

दुसऱ्या वाचनात संत याकोब आपल्यापुढे थेट प्रश्नच ठेवतो. माणसामाणसांत लढाया आणि भांडणे येतात कुठून? त्याचे उत्तरही तोच देतो. ती आपल्याच आत धुमसणाऱ्या वासनांतून येतात. हवे ते मिळत नाही म्हणून माणूस जीव घेतो, असे तो स्पष्टच सांगतो. २१ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय शांतता दिन या सुमारासच येतो. म्हणून याकोबाचा हा प्रश्न आज आपण जरा नीट पाहू या.

त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. आपल्या गावचा किल्ला रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर तो उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले, असे सांगतात. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याने ते १७५७ मध्ये पुरे केले. तिथून जवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. आपली मुले तिथे सहलीला जातात, पाहुणे आले की आपण त्यांना छत्री दाखवतो. पण ही दगडी साक्ष आपल्याला काय सांगते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

जयसिंगांचेच पाहा. प्रचंड फौज घेऊन ते दख्खनेत उतरले आणि जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. दिल्लीच्या दृष्टीने प्रश्न सुटला. पुढच्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले. १६६७ मध्ये जयसिंग बऱ्हाणपूरला वारले. १६७० मध्ये सिंहगडापासून सुरुवात करून महाराजांनी गेलेले बहुतेक किल्ले परत घेतले. जयसिंगांचा तो विजय पाच वर्षेही टिकला नाही. त्यांची छत्री मात्र टिकली.

ऑगस्ट १७२० मध्ये याच बाळापूरजवळ मोठी लढाई झाली. एकीकडे निजाम-उल-मुल्क, दुसरीकडे दिल्लीचा कारभार हाती असलेल्या सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. तरुण आलम अली खान लढाईत पडला, निजाम जिंकला. मग तरी शांतता आली का? चारच वर्षांनी, १७२४ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे निजामाला पुन्हा लढावे लागले. या वेळी समोर मुबारिज खान होता. तोही मारला गेला आणि त्या गावाला फतेहखेर्डा असे विजयाचे नाव दिले गेले. आज आपण सगळे त्याला साखरखेर्डाच म्हणतो.

पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्ली याने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला मिळाला. त्याच सुमारास पावसाने ओढ दिली, त्यात फौजांची लुटालूट, आणि दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. तहाच्या कागदावर राजांची नावे आली. भुकेने मेलेल्या कुणब्याचे नाव कुठे आले नाही.

आणि एवढ्या लढायांनी मिळवलेले हे वऱ्हाड शेवटी निजामाच्या हातून कसे गेले? लढाई हरून नव्हे. इंग्रजांच्या हुकमतीखालच्या फौजेचा खर्च त्याच्यावर चढत गेला, तो फेडता येईना, आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती द्यावे लागले. ज्या फौजेच्या बळावर मुलूख राखायचा, त्या फौजेच्या खर्चातच मुलूख गेला! बंधुभगिनींनो, युद्धाचा हिशेब बहुधा असाच लागतो.

मग माणूस युद्ध करतो तरी का? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला थॉमस हॉब्ज हा इंग्रज विचारवंत शिकवला होता. माणसे तीन कारणांनी भांडतात, असे त्याने मांडले आहे: लाभ, भय आणि मोठेपणा. विद्यार्थिदशेत आम्ही ही तीन कारणे परीक्षेसाठी पाठ केली. पुढे लोकांमध्ये राहून काम करू लागलो, तेव्हा ती समजली. सय्यद बंधूंना निजामाची भीती आणि निजामाला त्यांची. दुसऱ्याने घाव घालण्याआधी आपण घालावा, असे दोघांनाही वाटले. भीतीपोटी केलेली तयारी समोरच्याला धमकी वाटते. तोही तयारी करतो आणि मग आपली भीती खरीच होती, असे दोघांनाही वाटू लागते.

पण संत याकोब हॉब्जच्याही एक पाऊल पुढे नेतो. भय आणि लोभ फक्त राजांच्याच मनात असतात असे नाही, ते तुमच्या-आमच्या मनात आहेत, असे तो सांगतो. बायबलमधली पहिली हत्या आठवा. काईनाने हाबेलाला मारले ते वावरात. पण भांडण वावराचे नव्हते. भावाचे अर्पण स्वीकारले गेले आणि आपले नाही, हे त्याला सहन झाले नाही. हात उगारण्याआधी काईनाचे तोंड उतरले होते. परमेश्वराने त्याला तेव्हाच सावध केले होते. आपल्या नदीचे नाव मन आहे, हा योगायोगच म्हणायचा. पण बाळापुरात राहणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे की मनाच्या काठावरच पहिला किल्ला बांधला जातो.

कोणी विचारील, 'फादर, मग अन्याय मुकाट सोसायचा का?' प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेने त्याचे उत्तर भाबडेपणाने दिलेले नाही. दुबळ्याचे रक्षण करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे. संत अगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्यासाठीच्या अटी सांगितल्या. आजचे धर्मशिक्षणही तेच सांगते. हानी खरोखर गंभीर आणि टिकणारी हवी, बाकीचे सगळे मार्ग संपलेले हवेत, यशाची खरी आशा हवी, आणि टाळू पाहतो त्याहून मोठे संकट आपल्या हातून ओढवता कामा नये. शिवाजी महाराजांनीही आपल्या फौजेला रयतेवर जुलूम करू नका, असे बजावले होते. लढतानाही हाताला लगाम हवा, हे त्यांना ठाऊक होते. पण आजच्या शस्त्रांना तो लगाम कसा घालणार? म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रात म्हटले की, पूर्वीच्या काळी सांगितलेले 'न्याय्य युद्धा'चे निकष आज लावणे फार कठीण झाले आहे.

हेही नम्रपणे कबूल केले पाहिजे की, प्रभूचे नाव घेऊन आपल्याच लोकांनीही तलवार उपसली. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तर युद्धाने काही सुटते का? युद्ध कधी कधी एखादा अनर्थ थांबवू शकते, हे खरे आहे. १९४५ मध्ये हिटलरच्या छळछावण्यांची दारे सैनिकांनीच उघडली. पण थांबवणे वेगळे आणि सोडवणे वेगळे. फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४ आणि १९३९ अशा तीन वेळा एकमेकांशी लढले. प्रत्येक वेळच्या हरलेल्याने पुढच्या वेळेसाठी राग जपून ठेवला. १९५० मध्ये रॉबर्ट शूमन या फ्रेंच मंत्र्याने वेगळीच गोष्ट सुचवली. ज्यातून तोफा बनतात तो कोळसा आणि ते पोलाद दोन्ही देशांनी एकत्र सांभाळावे. जर्मनीचे अध्वर्यू कोनराड आडेनॉवर यांनी ते मान्य केले. दोघेही श्रद्धावान कॅथलिक. जुलै १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि आडेनॉवर रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये मिस्साला एकत्र बसले. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी भाजून काढलेले तेच कॅथेड्रल! तेव्हापासून त्या दोन देशांत युद्ध झालेले नाही. लढाई संपली १९४५ मध्ये, पण भांडण मिटले ते कोणीतरी आधी हात पुढे केला म्हणून.

आता थोडे घरचे सांगतो. आमचे वडील आणि काका यांच्यात धुऱ्यावरून वाद होता. नांगराच्या दोन तासांएवढी जागा. आधी बोलाचाली, मग पोलीस पाटील, मग मोजणी, मग कोर्ट. अकरा वर्षे खटला चालला. एक बैलजोडी आणि आईच्या पाटल्या त्यात गेल्या. निकाल वडिलांच्या बाजूने लागला, त्या दिवशी घरी पेढे आले. आजीने पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "वावर जितलं रे बाप्पा, पन भाऊ गमावला." तिने तो पेढा खाल्ला नाही.

वडील वारले तेव्हा काका रस्त्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. अंगणात आले नाहीत. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. क्षमेवर निबंध लिहून बक्षीस मिळवले होते, पण त्या रस्त्यापर्यंतची वीस पावले आम्हाला चालवली नाहीत. हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

त्या वर्षीच्या नाताळात आईने फराळाचा डबा भरला आणि कोणाला न सांगता काकांच्या घरी गेली. काकांनी डबा घेतला. काही बोलले नाहीत. पुढच्या नाताळात काकूंचा डबा आमच्याकडे आला. धुरा आजही कोर्टाने ठरवला तिथेच आहे. कोर्टाने रेघ आखली, ती आवश्यकही होती. पण भांडण मिटवले ते शाळेची पायरीही न चढलेल्या आमच्या आईने. प्रभूने आज एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले आणि पहिला होऊ पाहणाऱ्याने सगळ्यांचा सेवक व्हावे, असे शिकवले. त्याचा अर्थ आम्हाला त्या डब्याने समजावला.

गाझामध्ये एकच कॅथलिक धर्मग्राम आहे, आपल्यासारखाच लहान. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यानंतर पोप फ्रान्सिस अखेरच्या आजारापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करीत. जेवलात का, मुले कशी आहेत, एवढीच विचारपूस. एप्रिल २०२५ मध्ये पोप देवाघरी गेले. त्यानंतर १७ जुलैला त्या चर्चवरही मारा झाला आणि आसऱ्याला आलेल्यांपैकी तिघे मृत्युमुखी पडले. फोनने युद्ध थांबले नाही, हे खरे. पण तोफांच्या आवाजात 'जेवलात का' असे विचारणारे कोणी आहे, हे त्या लोकांना कळत होते. आपल्याही हाती बहुधा एवढेच असते. आणि तेवढेही आपण करत नाही.

मिस्सामध्ये शांतीची खूण देण्याची वेळ येते तेव्हा वेदीवरून आम्हाला सगळे दिसते. काही जण पुढच्याला हात जोडतात आणि शेजारच्या बाकाकडे मुद्दाम पाहत नाहीत. कोणाचे काय आहे, हे आपल्या एवढ्याशा धर्मग्रामात सर्वांना ठाऊक आहे. प्रभूने तर सांगितले आहे की, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जावे. 'माझ्या मनात' नव्हे, 'भावाच्या मनात'. चूक कोणाची, हा प्रश्नच तिथे नाही.

म्हणून या आठवड्यासाठी तीन गोष्टी. एक, मोबाईलवर कोणत्याही समाजाविषयी राग पेटवणारा मजकूर आला, तर तो आपल्यापाशीच संपवावा, पुढे पाठवू नये. सर्व धर्मांचे लोक या गावात एकाच बाजारातून भाजी घेतात, हे विसरू नये. दोन, घरी रोज जपमाळेचा एक दशक युद्धात सापडलेल्या लोकांसाठी म्हणावा, आणि त्यात दोन्ही बाजूंचे लोक धरावेत. तीन, आपल्या 'काकां'च्या घरापर्यंतची वीस पावले पुढच्या रविवारआधी चालून यावीत. समोरच्याने दार उघडले नाही, तरी पावले वाया जात नाहीत.

हे प्रभू, मोठे होण्याच्या हट्टातून आम्हाला सोडव. ज्यांच्याशी आम्ही बोलत नाही, त्यांची नावे आज तुझ्या वेदीवर ठेवतो. आमच्या मनातले किल्ले तूच पाड आणि आम्हाला आधी हात पुढे करण्याचे बळ दे. आमेन.

आपले धर्मगुरू
बाळापूर