बटईचा कागद

जिंतूरहून परभणीकडे निघालं की वाटेत बोरी लागते. करपरेच्या काठचं गाव. तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात कायदा शिकला, देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेला आणि फोर्टातल्या एका जुन्या सॉलिसिटर फर्ममध्ये लागला. ऑफिसात त्याला सगळे बोरीकर म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण हेच चिकटलं. पुढे तो त्या फर्मचा भागीदार झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचक त्यापायी ताटकळणार नाही. गोष्ट आहे ती नवव्या वर्षी तो का झाला नाही, याची.

मोठ्या फर्ममध्ये वकिलाचा दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहितात. पक्षकाराशी फोनवर बोललं, ०.२ तास. मसुदा तपासला, १.७. रात्री निघताना टाइमशीट भरायची, महिनाअखेर त्यावरून बिलं निघायची. बोरीकरची टाइमशीट कधी मागं राहिली नाही आणि तासांची बेरीज सगळ्या मजल्यावर जास्त. उन्हातान्हात रान कसणारा बाप पाहिलेला, त्यामुळे पंख्याखाली बसून करायच्या कामाचे त्याला कष्ट असे वाटतच नसत. असोसिएट, सीनियर असोसिएट, प्रिन्सिपल असोसिएट या पायऱ्या तो वेळच्या वेळी चढला. पुढची पायरी भागीदाराची. तिचेही दोन प्रकार. एक पगारी भागीदार: कार्डावर हुद्दा येतो, पण पैसा ठरल्याप्रमाणेच मिळतो. दुसरा खरा भागीदार: पदरचं भांडवल घालायचं आणि वर्षाअखेर जे उरेल किंवा बुडेल त्यात वाटा घ्यायचा.

वरची ही जागा मुंबईत पूर्वीपासूनच अरुंद. क्रॉफर्ड बेली १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ पासूनची. पाट्यांवर साहेबांची नावं, मग पारशी-गुजराती. मराठी नाव शोधावं लागे. रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर खेर हे त्यांतलं ठळक. मणिलाल खेर या फर्मच्या नावातच ते होते आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत. पुढे १९५६ च्या कंपनी कायद्यानं वीसपेक्षा जास्त जणांची भागीदारी करायला मनाई केली, म्हणजे एकविसावा कितीही हुशार असला तरी त्यानं कुणाच्या तरी निवृत्तीची वाट बघायची. ती अडचण आता राहिली नाही. २००८ साली मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, म्हणजे एलएलपीचा, कायदाही आला. बोरीकरची फर्म मात्र जुन्या वळणाची, १९३२ च्या भागीदारी कायद्यावर चालणारी. या कायद्याकडे पुन्हा यायचंच आहे.

मार्चमध्ये नव्या भागीदारांची नावं आली. त्यात बोरीकर नव्हता. त्याच्या दोन वर्षं मागून आलेली सांगलीची एक मुलगी होती. तो गेल्या तीन वर्षांच्या तासांचा तक्ता घेऊन थेट सिनियर भागीदारांच्या केबिनमध्ये गेला. सरांनी चष्मा लावून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

‘काम चांगलंच आहे तुझं. कुणी नाही म्हणत नाही,’ ते म्हणाले आणि तक्ता परत दिला.

‘मग कधी, सर?’

‘बघू.’

त्या मुलीच्या बाबतीत बोरीकरला एक प्रसंग आठवत होता आणि तो त्याला लागू पडतो असं त्याच्या मनातही येत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका व्यापारी दाव्यात फर्मचा पक्षकार प्रतिवादी होता. अशा दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची. कोर्टानं मुदत वाढवली तरी १२० दिवस ही शेवटची रेघ. एकशेविसावा दिवस उलटला की कैफियत द्यायचा हक्कच जातो, मग कोर्टापुढे कितीही हात जोडा. ती फाइल सांभाळणारा वकील इस्पितळात होता आणि त्याच्या टीममध्ये जो तो समजत होता की दुसरा कुणीतरी बघतोय. एकशेएकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी बोरीकरची नजर डायरीतल्या तारखेवर गेली. फाइल त्याची नव्हती. त्यानं त्या टीमला व्यवस्थित ई-मेल लिहिला, ‘कृपया नोंद घ्यावी’, टाइमशीटवर ९.४ टाकले आणि लोकल पकडली. फाइल त्या मुलीचीही नव्हती. तिनं ई-मेल वाचला आणि बॅग परत टेबलाखाली ठेवली. पक्षकाराच्या मॅनेजरला रात्री अकराला घरून उठवून आणलं, त्याच्याकडून एकेक परिच्छेद वदवून घेतला, पहाटे मसुदा पुरा केला, सकाळी नोटरीला गाठलं आणि दुपारी कैफियत दाखल झाली. त्या रात्रीचे तास ती कुणाच्याच बिलात घालू शकली नाही. बोरीकर म्हणायचा, ‘आठवण मी केली होती. मेल आहे माझ्याकडे.’ मेल होताच. तारीख-वेळेसकट होता.

असा फणफणत तो पाडव्याला बोरीला आला.

मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. जुना हिशेब फिटतो, नवा आकडा ठरतो, उचल दिली-घेतली जाते. बोरीकरच्या घरी अकरा वर्षांपासून एकच गडी. घरातली सगळी तरणी मंडळी त्याला मामा म्हणत. त्या दिवशी मामा ओसरीवर टेकला, चहा संपवला आणि म्हणाला, ‘आबा, औंदा सालानं नाही राहत. खालचं चार एकर बटईनं द्या. अन् कागद करा.’

आबा म्हणजे बोरीकरचा बाप. त्यांना बटईचं, म्हणजे निम्म्या वाट्यानं रान कसायला द्यायचं, काही वाटलं नाही. कागद म्हटल्यावर मात्र ते उठून आत गेले आणि मुलाला खुणेनं बोलावलं.

‘कागद केला की कूळ लागतंय. उद्या मी नसलो, तू तिकडं मुंबईला. मंग?’

ही भीती आबांची एकट्याची नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथं कुळांसाठी हैदराबादचा १९५० चा कायदा. त्या कायद्यानं कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला, हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून वावरवाला लेखी बटई करायला बिचकतो. निम्म्याचा व्यवहार होतो तो बहुतेक तोंडावर, फार तर चार माणसांसमोर. आणि मामाला कागद हवा होता तोही नेमक्या याच कारणानं, दुसऱ्या बाजूनं: आबा आहेत तोवर शब्द आहे, आबांमागं पोरं काय म्हणतील कुणास ठाऊक.

वकील घरातच होता. बोरीकरनं फुलस्केप घेतला आणि कागद एका खरिपापुरता, पिकापुरता बांधला. बी, खत, फवारणी निम्मं-निम्मं. मेहनत मामाची, ट्रॅक्टरचं भाडं आबांचं. आलेलं सोयाबीन मळणीयंत्रातून निघालं की खळ्यावरच पोती मोजून निम्मं वाटायचं. पीक बुडालं तर घातलेला खर्च आबांच्या माथी, मामाकडून काही मागायचं नाही. गरीब माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून हे शेवटचं कलम त्यानं आपल्या मनानं घातलं होतं आणि त्यावर तो मनोमन खूशही होता.

मामाची मुलगी दहावीला होती. तिनं कागद मोठ्यानं वाचला. शेवटच्या कलमावर मामानं हात वर केला.

‘बापू, बुडीत आमचं नाव नाही?’

‘नाही मामा. तुमच्या फायद्याचंच लिहिलंय.’

‘असं चालतंय का कायद्यात?’

‘चालतं. सगळ्यांनी ठरवलं तर कुणालाही तोट्यातून वगळता येतं. अज्ञान मुलाला तर भागीदारी कायदाच वगळतो, कलम ३०. त्याला फायद्यात घ्यायचं, तोटा त्याच्या अंगावर टाकायचा नाही.’

‘मंग मी काय लेकरू हाव?’

पोरगी फिस्सकन हसली. मामा हसला नाही. ‘निम्मं लिहा,’ तो म्हणाला. ‘आबा, मागल्या दसऱ्याच्या टायमाला रातच्याला पाऊस आला. सोयाबीनची सुडी उघडी व्हती. मपल्या छपरावरची ताडपत्री काढून आणली अन् झाकली. तुम्ही बलावलं व्हतं का?’

‘नाही,’ आबा म्हणाले.

‘तवा सालगडीच व्हतो मी. साल तर मिळालंच असतं, सुडी भिजली काय अन् राहिली काय.’

आबांनी बराच वेळ पान लावलं. कात, चुना, सुपारी, सगळं सावकाश. मग मुलाकडं बघून म्हणाले, ‘लिही. निम्मा नफा, निम्मं नुकसान. कुळाचं बघू. कोर्टात जायचंच असतं तर अकरा वर्षांत गेला असता हा.’

इथं सालगड्यानं वकिलाचे डोळे उघडले असं लिहिलं की गोष्ट झकास जमते. तसं झालं नाही. बोरीकरला मामाचा रागच आला. पक्षकाराच्या बाजूनं इतका चांगला मसुदा करावा आणि पक्षकारानंच तो खोडावा, याहून वकिलाला वाईट काय? परभणी स्टेशनवर गाडी येईपर्यंत तो हेच घोळवत होता. मामा त्याला समजला नव्हता. समजले ते आबा, आणि तेही गाडी निघाल्यावर, वरच्या बर्थवर.

म्हाताऱ्याला चार एकरांतली निम्मी पोती द्यायची भीती नव्हती. आत घेतलेला माणूस पुन्हा बाहेर काढता येत नाही, ही भीती होती. आणि मग परीक्षेसाठी पाठ केलेली कलमं बोरीकरपुढं एकेक करून उभी राहिली. कलम ३१: सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. कलम १८: भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी, म्हणजे त्यानं फर्मच्या कामात केलेल्या सहीनं सगळे बांधले जातात. कलम २५: फर्मच्या कृत्याला प्रत्येक भागीदार सगळ्यांसह आणि एकटाही जबाबदार, धनको पाहिजे त्याच्या दारात जाऊ शकतो. कलम ३३: करारात तसा अधिकार असेल आणि तो सचोटीनं वापरला तरच बहुमतानं कुणाला काढता येतं. सरांचा दादरचा फ्लॅट, सांगलीच्या मुलीनं नुकतंच घेतलेलं कर्ज, इतरांचं जे काही असेल ते, हे सगळं उद्या बोरीकरच्या एका सहीखाली येणार होतं. त्यांना ठरवायचं होतं ते एवढंच, की हा सही करतो त्या रात्री आपल्याला झोप लागेल का. यावर तासांचा तक्ता काय उत्तर देणार? तक्त्यावरून एवढंच कळत होतं की हा गडी सालाला जागतो.

आणि तो ई-मेल. कल्याण येईपर्यंत त्यानं तो फोनवर दोनदा उघडून वाचला. भाषा निर्दोष होती.

पुढच्या आठवड्यात तो सरांच्या केबिनमध्ये गेला, तक्ता न घेता.

‘सर, मी भागीदार झालो तर माझ्या डोक्यावर काय काय येईल?’

सरांनी मान वर केली. ‘म्हणजे?’

‘भाडं, बँकेचं कर्ज, कुणाचे दावे, काय थकलंय. कागद बघायला मिळतील का?’

फर्ममध्ये नऊ वर्षं काढूनही त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं, कारण कधी मागितलं नव्हतं. सरांनी कपाटातून एक फाइल काढली. वरच जागेच्या भाड्याचा करार, त्याखाली पगाराचा महिन्याचा आकडा. तो पाहून बोरीकरच्या पोटात गोळा आला. मग आली थकलेल्या फीची यादी, तीन पानी. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. पक्षकार येतो तो ओळखीनं, भरवशानं, आणि त्याच ओळखीपायी त्याच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. फर्म तोट्यात जाते ती बऱ्याचदा इथं.

तिसऱ्या पानावर बोरीकरचं बोट थांबलं. दोन नावं त्याच्याच ओळखीची: सेलूकडचा एक जिनिंगवाला आणि मानवतचा एक कापूस व्यापारी. दोघंही फर्मला फोन न करता थेट त्याला करायचे, याचा त्याला अभिमान होता. दोघांच्या बिलांतले तास त्याचे होते, त्या तक्त्यात बेरजेला धरलेले. दीड वर्षं झालं तरी त्यातला एक रुपया आलेला नव्हता.

‘वसुली अकाउंट्सवाले...’ त्यानं सुरुवात केली आणि वाक्य गिळलं.

सर काही बोलले नाहीत.

‘ही दोन माझ्याकडे द्या, सर. महिन्याभरात आणतो.’

सरांनी यादी त्याच्याकडे सरकवली. ‘आणि बाकीची?’