खेळ संपतो केव्हां?

मनुष्य वयानें वाढूं लागला म्हणजे त्याच्या हातून कांहीं वस्तु आपोआप गळून पडतात. भातुकलीचीं बोळकीं माळ्यावर जातात, विटी-दांडू कोनाड्यांत धूळ खात पडतो, आणि हें सर्व इतक्या निमूटपणें घडतें कीं, शेवटचा डाव कोणत्या दिवशीं मांडला होता हें पुढें कोणासही सांगतां येत नाहीं. जुन्या खेळांचें हें सौजन्यच म्हटलें पाहिजे; ते आपल्या गड्यास अडवून धरीत नाहींत. दिवेलागण झाली, आईनें हांक मारली, म्हणजे डाव मोडतो. वयाची दिवेलागण झाली म्हणजे खेळच मोडतो. परंतु गेल्या तीस वर्षांत असे कांहीं खेळ जगांत रूढ झाले आहेत कीं, ज्यांना दिवेलागण ठाऊकच नाहीं. त्यांतून बाहेर पडणें म्हणजे काय, तें केव्हां घडावें, आणि त्यांत गेलेल्या वर्षांचा हिशेब कसा मांडावा, हे प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत उपस्थित होत आहेत. ज्या मुलांनीं शाळेंत असतां हे खेळ आरंभिले तीं आज चाळिशीला टेकलीं आहेत. आम्हीही या खेळांतले जुने गडी आहों. तेव्हां या प्रश्नाचा विचार कांठावर उभें राहून न करितां पाण्यांत उतरून करण्याचा आम्हांस थोडासा अधिकार आहे, असें समजून पुढील विवेचन करीत आहों.

ज्या वाचकांस या खेळांचा परिचय नसेल त्यांच्याकरितां प्रथम थोडी माहिती देणें अवश्य आहे. इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत सन १९७८ मध्यें रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनीं 'मड' नांवाचा एक खेळ रचिला. त्यांत चित्र नव्हतें. केवळ शब्दांनीं वर्णिलेली एक भूमि होती, आणि निरनिराळ्या यंत्रांपुढें बसलेलीं माणसें तींत एकाच वेळीं संचार करूं शकत. त्याच कल्पनेच्या विस्तारांतून १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट' व २००४ च्या नोव्हेंबरांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ निघाले. या शेवटल्या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या २०१० सालीं एक कोटी वीस लक्षांच्या वर गेली होती. खेळणारा आपणांस एक सोंग निवडतो: कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा. श्वापदें मारावीं, गांवकऱ्यांचीं कामें करावीं, त्यायोगें 'अनुभव' सांठवावा आणि एकेक 'लेव्हल' चढत जावें, असा क्रम असतो. शिखरास पोंचल्यावर खरा खेळ सुरू होतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभींच्या काळांत मोठमोठ्या राक्षसांवर चाल करून जावयास ४० जणांची तुकडी लागे. कोणी पुढें होऊन प्रहार झेलावयाचे, कोणी त्यांस सांवरावयाचें, उरलेल्यांनीं मारा करावयाचा; एकाचें पाऊल चुकलें तरी सर्वांचा निकाल लागावयाचा. म्हणून तुकडीस नायक हवा, वेळापत्रक हवें, लुटीच्या वांटणीचे नियम हवे. अशा मंडळीच्या कायमच्या संघास 'गिल्ड' म्हणतात, आणि एकमेकांचें तोंडही न पाहिलेलीं माणसें त्यांत वर्षानुवर्षें एकत्र नांदतात.

आतां या खेळावरील पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप घेऊं. यांत मिळविलेलें सर्व मिथ्या आहे, हा तो आक्षेप. त्यास पुरावा पाहिजे असेल तर तो खुद्द खेळाच्या इतिहासांतच आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चें शिखर प्रथम ६० व्या पायरीवर होतें. जानेवारी २००७ मध्यें खेळाचा नवा भाग निघाला आणि तें ७० व्या पायरीवर गेलें. २००८ मध्यें ८० व्या. आणि असें सरकत सरकत २०१८ सालीं तें १२० व्या पायरीवर जाऊन बसलें. दर वेळीं एकच प्रकार घडे. चाळीस जणांनीं महिनेच्या महिने जागून जें खड्ग मिळविलें, त्याहून सरस खड्ग नव्या प्रदेशांतील एखादा शेतकरी किरकोळ कामाच्या मोबदल्यांत देऊं लागे. पुढें २०२० सालीं आंकडे फारच फुगले म्हणून मालकांनीं ते उतरविले. १२० व्या पायरीवरील वीर एका दिवसांत ५० व्या पायरीवर आले, आणि नवें शिखर ठरलें ६० वें! सोळा वर्षें डोंगर चढून पाहावें तों पायाखालीं पुन्हां तोच आंकडा. मायेचें स्वरूप समजावून देणाऱ्या कीर्तनकारास याहून नेमका दृष्टांत शोधूनही सांपडणार नाहीं.

तथापि हा आक्षेप वाटतो तितका भेदक नाहीं. ज्या वर्षीं 'मड' रचिला गेला त्याच वर्षीं, म्हणजे १९७८ मध्यें, बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचा 'द ग्रासहॉपर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें खेळाचें असें लक्षण केलें आहे कीं, ज्या अडथळ्यांची वस्तुतः गरज नाहीं ते स्वखुषीनें पत्करून ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. चेंडू भोंकांत घालणें एवढाच हेतु असेल तर तो हातानें उचलून टाकणें सोपें. पण मग तें गोल्फ होत नाहीं. लगोरी रचून कोणी घर बांधीत नाहीं आणि बुद्धिबळांतला राजा मारून कोणास राज्य मिळत नाहीं. फळ मिथ्या असणें हा खेळाचा दोष नसून त्याचा धर्मच आहे. शिवाय, ज्या कचेरीच्या शिडीकडे बोट दाखवून आपण तरुणांस 'खऱ्या' उद्योगाचा उपदेश करितों, त्या शिडीचीं शिखरेंही अशींच सरकतात. काल ज्या पदास मान होता तें आज रद्द होतें. तेव्हां वस्तु नाशवंत एवढ्याच कारणानें खेळणाऱ्यास दोष द्यावयाचा, तर बाहेरच्यांचीही सुटका नाहीं.

मग या खेळांत आणि आट्यापाट्यांत भेद कोणता? आमच्या मतें भेद फळाचा नाहीं, शेवटाचा आहे. आट्यापाट्यांस डाव असतो, बुद्धिबळास मात असते, कादंबरीस शेवटचें पान असतें. या खेळांतलें जग मात्र आपण झोंपलों तरी चालूच राहतें. आपण जेवावयास उठलों तेवढ्यांत सोबती चार पावलें पुढें गेलेले असतात. दरमहाची वर्गणी हें ज्याच्या उत्पन्नाचें साधन आहे, तो दुकानदार गिऱ्हाइकास आपण होऊन 'आतां पुरे' कशास म्हणेल? हीं जगें कधीं बंद होतातही. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' डिसेंबर २०११ मध्यें व 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्यें मालकांनीं बंद केलीं. परंतु तें मालकाच्या निर्णयानें झालें. खेळणाऱ्याची तृप्ति झाली कीं नाहीं, हा प्रश्न त्यांत नव्हता.

सरकारांनीं हांक मारणाऱ्या आईचें काम करून पाहिलें. दक्षिण कोरियानें २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत हे खेळ बंद केले. २०२२ च्या आरंभीं तो निर्बंध उठविला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकारास स्थान दिलें. खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणें, आणि हानि दिसत असतांही तो चालू ठेवणें, हीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत. हे उपाय आपापल्या जागीं योग्य असतील. परंतु कायदा मुलास अंथरुणावर पाठवील, वैद्य रोग्यास औषध देईल. जो रोगी नाहीं आणि बालकही नाहीं, अशा प्रौढ मनुष्याचा खेळ संपला कीं नाहीं हें त्यास कोण सांगणार? तें त्याचें त्यानेंच ठरविलें पाहिजे. जुन्या खेळांत जें काम काळ करी तें या खेळांत विवेकास करावें लागतें, आणि म्हणूनच त्यांतून बाहेर पडणें ही एक नैतिक कृति होते.

येथें तीन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली कंटाळा. एका खेळास विटून जो दुसऱ्यांत शिरतो, त्यानें घर बदललें, गांव सोडला नाहीं. दुसरी तिरस्कार. कांहीं जण खेळ सोडतात आणि पुढें जन्मभर त्याची निंदा करीत बसतात. दहा वर्षें फुकट गेलीं असें भेटेल त्यास ऐकवितात. हीही आसक्तीच, फक्त उलटी नेसलेली. तिसरी गोष्ट खरी वाढ. ती ओळखण्याची खूण अशी कीं, खेळ जें देत होता तें मनुष्यास आतां अन्यत्र मिळूं लागलेलें असतें, आणि म्हणून लहानपणचा अंगरखा आखूड व्हावा तसा खेळ त्यास आखूड होतो. अंगरखा वाईट होता असें कोणी म्हणत नाहीं. पण तो आतां अंगांत शिरत नाहीं.

खेळ काय देतो याचें उत्तर एकच नाहीं. वर उल्लेखिलेल्या बार्टल यांनीं १९९६ सालीं एका निबंधांत खेळणाऱ्यांचे चार वर्ग पाडले: कोणी पराक्रमासाठीं खेळतो, कोणी नवें जग धुंडाळण्यासाठीं, कोणी सहवासासाठीं, आणि कोणी इतरांवर कुरघोडी करण्यासाठीं. आम्ही यांत एवढीच भर घालूं कीं, दीर्घकाळ खेळणारा एकच मनुष्य या वर्गांतून क्रमाक्रमानें जातो. पराक्रमाची हौस बहुधा आधीं फिटते. नकाशाचे सर्व कोपरे पाहून झाले कीं शोधाचीही फिटते. सहवासाची गोडी मात्र शेवटपर्यंत उरते. पुष्कळ जुने गडी खेळावयास म्हणून येत नाहींत. चावडीवर बसावें तसे येऊन बसतात. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलास चाळीस जणांचें नेतृत्व प्रथम येथेंच लाभलेलें असतें, रुसलेल्यास समजाविण्याची व लूट न्यायानें वांटण्याची कला तो येथेंच शिकलेला असतो. उद्यां त्यास कामाच्या जागीं, संसारांत, मित्रमंडळांत असेंच स्थान मिळालें कीं खेळाचें ऋण फिटलें. तें मिळण्यापूर्वींच घरच्यांनीं यंत्राची तार उपटली तर त्यास वाढ म्हणतां येत नाहीं, उपासमार म्हणावें लागेल.

यावरून हेंही दिसेल कीं, 'हा खेळ पोरवयाचा आहे' असा सरसकट निवाडा देणें अन्यायाचें आहे. नॉर्वेमध्यें स्नायु क्षीण करणाऱ्या असाध्य रोगानें ग्रस्त असा एक तरुण २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं वारला. त्याचीं शेवटचीं वर्षें बव्हंशीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यांत गेलीं होतीं, आणि मुलगा एकाकी जगला व एकाकी गेला असें आईबापांस वाटत होतें. मृत्यूची वार्ता त्यांनीं प्रसिद्ध केली तेव्हां देशोदेशींच्या अपरिचितांचीं पत्रें येऊं लागलीं. त्यानें आपणांस कसा धीर दिला, कोणाचे बिघडलेले संबंध कसे जुळविले, हें तीं माणसें लिहीत होतीं. त्यांतले कांहीं जण अंत्यविधीसही आले. २०२४ सालीं त्याच्या या जीवनावर एक माहितीपटही प्रदर्शित झाला. ज्याचें शरीर दारापर्यंतही जाऊं शकत नव्हतें त्यास हें जग आखूड होण्याचें कारणच नव्हतें. अंगरखा आखूड झाला कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या अंगावरून ठरावयाचें; शिंप्याच्या दुकानांतून ठरवितां येत नाहीं.

मागें वळून परत जाण्याचीही सोय या खेळानें करून पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' त्याच्या पहिल्या काळच्या स्वरूपांत पुन्हां खुला झाला, आणि पुष्कळ जुने गडी मोठ्या उत्कंठेनें परतले. तेच डोंगर, तेच पूल, तेच राक्षस. परंतु पूर्वीं ज्या वाटा चुकत-माकत शोधाव्या लागत त्या आतां सर्वांस पाठ होत्या, आणि ज्या रात्री पूर्वीं अमर्याद वाटत त्यांस दुसऱ्या दिवशींच्या कामाची मर्यादा पडली होती. ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेतलें. त्यास भोग मिळाले, तृप्ति मिळाली नाहीं. जग जसेंच्या तसें परत आणतां येतें, त्यांत प्रथम शिरलेला पंधरा वर्षांचा मुलगा परत आणतां येत नाहीं. ज्यास हें कळलें त्याचा खेळ संपला असें समजावें, मग तो कधींमधीं एखादी फेरी मारून येवो वा न येवो.

सोडून जाणाऱ्याचें एक कर्तव्य मात्र राहतें, आणि त्याचा विचार फार थोडे करितात. सोबती खरे असतील तर त्यांस न सांगतां नाहींसें होणें ही खरीच प्रतारणा आहे. संघाचें नायकत्व ज्याच्याकडे असेल त्यानें तें योग्य माणसाच्या हवालीं करावें, सामाईक भांडाराच्या किल्ल्या द्याव्या, नवख्यांस चार युक्त्या सांगाव्या आणि निरोप घेऊन निघावें. बिऱ्हाड सोडतांना आपण घर झाडून देतों, शेजाऱ्यांस भेटून येतों. येथें तेवढेंही करूं नये काय? निरोपाच्या रीतीवरून मनुष्य वाढला कीं नुसता पळाला हें स्पष्ट होतें.

राहतां राहिला हिशेब. तो रुपयांत किंवा तासांत मांडूं गेल्यास नेहमीं तोटाच दिसेल, कारण खेळाचें कोणतेंच फळ त्या वहींत जमा होत नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, त्या जगांत अंगीं आलेला धीर, न्यायबुद्धि आणि सोबत्याविषयींची निष्ठा या जगांत आपण आणिली कीं तेथेंच ठेविली? आणिली असेल तर तीं वर्षें वाया गेलीं नाहींत. ठेविली असेल तर खेळ सोडूनही हातीं कांहीं लागलें नाहीं. घरच्या वडील मंडळींसही आमची एवढीच विनंति आहे कीं, तरुणानें खेळ मिटला त्या दिवशीं 'सुटलास एकदांचा' असें म्हणून विजय मानूं नये. तेथें तुझे सोबती कोण होते आणि तूं त्यांच्या कोणत्या उपयोगी पडलास, हें त्यास प्रेमानें विचारावें. उत्तर ऐकतांना आपला मुलगा आपणांस नव्यानेंच भेटत आहे असें पुष्कळांस वाटेल.