आधी श्वास सावरू या
कार्तिकातल्या पहाटे नाशिकच्या रामकुंडात स्नानाला उतरणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो. छाती धडधडते. मग तो श्वास सावरतो. गार पाण्याच्या स्पर्शाने शरीर खरोखर घाबरते. पण पुन्हापुन्हा उतरल्यावर ही घबराट ओसरते, हे शरीरशास्त्राने तपासून पाहिले आहे. कुणी म्हणेल, हे पाण्यापुरतेच. मला तसे वाटत नाही. रागाच्या भरात, वाईट बातमी कानी पडताच, छाती तशीच धडधडते. तेव्हाही बोलण्याआधी श्वास सावरता येतो. अर्थात, खोल खिन्नतेवर हे औषध नव्हे. तिथे डॉक्टरच हवेत. आणि मंडळी, हृदयविकार असेल, नदीला पूर असेल किंवा पाणी अस्वच्छ असेल, तर उतरूच नका. घाटावर बसूनही श्वास सावरता येतो.