थंड पाणी, लांब श्वास आणि तितिक्षा

हल्ली तरुण मंडळींनी एक नवे साधन काढले आहे. टाकीत बर्फ टाकायचा, त्यात गळ्यापर्यंत बसायचे आणि श्वासाचे काही प्रकार करायचे. याने मन कणखर होते म्हणतात. कीर्तनानंतर पिंपळगाव राजातल्या काही पोरांनी मला विचारले, ‘महाराज, याला शास्त्राचा आधार आहे का?’ प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, म्हणून चार शब्द लिहितो.

आपल्याकडे बर्फ नव्हता, पण पहाट होती. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नान, पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत माघस्नान. वऱ्हाडातला उन्हाळा जसा जाळतो तशी पौषातली पहाटही हाडात शिरते. त्या वेळी आड, नदी, ओढा जे असेल तिथे आपल्या आज्या-पणज्या स्नान करीत आणि ओल्या केसांनीच काकड्याला जात. त्यांना कुणी धीराचे शिक्षण दिले नव्हते. नेम होता, एवढेच.

आता शब्दाकडे वळू. या साधनाला शास्त्रात जो शब्द शोभतो तो ‘तितिक्षा’. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही साधकाची षट्संपत्ती. त्यात हिचे स्थान आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनाला सांगतात की शीत-उष्ण, सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत. आम्हाला पाठशाळेत या शब्दाची व्युत्पत्ती घोटून घेतली होती. धातू ‘तिज्’, त्याचा अर्थ धार लावणे. ‘तीक्ष्ण’ हा शब्दही त्याच कुळातला. त्याच धातूला सन् प्रत्यय लागला की अर्थ होतो क्षमा करणे, सहन करणे. बघा तर खरे! धार आणि क्षमा एकाच मुळातून निघतात. सोसणे म्हणजे बोथट होणे नव्हे. दगडासारखा बसला तो तितिक्षू, असे शास्त्र म्हणत नाही. सोसताना चिंता नको, विलाप नको, तरच ती तितिक्षा.

हा विलाप सुरू होतो कुठे? श्वासात. थंड पाणी एकदम अंगावर आले की छाती आपोआप धाप्पकन श्वास ओढते, नाडी धावते, श्वास तोकडा होतो. हा शरीराचा धर्म आहे, मनाचा दोष नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेते, म्हणून देह घाबरतो. पण ही घाबरगुंडी दोन-तीन मिनिटांत ओसरते, आणि थोडे थोडे करून सवय लावली तर पुढच्या खेपेला कमी होते. त्या दोन मिनिटांतच सारे काम आहे. पूरक, कुंभक, रेचक यांपैकी तिथे उपयोगी पडतो तो रेचक. श्वास सावकाश बाहेर सोडला की हृदयाची गती उतरते. आता सावकाश श्वास सोडायचा उपाय वारकऱ्याला कुणी शिकवावा? ‘रामकृष्णहरी’ लांब म्हणा, श्वास आपोआप लांब सुटतो. इटलीतल्या पाविया येथील डॉक्टरांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर हे पाहिले. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो की आपल्याकडचा मंत्र, जप करताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली.

हॉलंडमधले विम हॉफ नावाचे गृहस्थ या बर्फ-विद्येचे आजचे प्रसिद्ध आचार्य. २०१४ साली नायमेखेन येथील विद्यापीठात त्यांच्याकडे शिकलेल्या १२ जणांची परीक्षा झाली. जंतूंपासून काढलेले विष त्यांना टोचले, तेव्हा न शिकलेल्यांपेक्षा त्यांना लक्षणे कमी आली. अभ्यासाने देह बदलतो हे खरे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाची अशीच यंत्रांनी परीक्षा आरंभली होती. पण बाप्पांनो, एक धोका कानावर घाला. पाण्यात उभे राहून भराभर श्वास घ्यायचे आणि मग बुडी मारून श्वास रोखायचा, हे कधीही करू नये. त्यात श्वास घेण्याची ऊर्मीच मंदावते आणि माणूस न कळत बेशुद्ध होऊन बुडतो. ज्ञानगंगेच्या धरणावर पोहायला जाणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो. हृदयाचा, रक्तदाबाचा रोगी, गरोदर बाई, म्हातारे माणूस यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये. कोमट पाण्याने स्नान केले म्हणून पांडुरंग रुसत नाही.

माझे खरे सांगणे पुढे आहे. पैठणच्या नाथांची कथा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. गोदावरीचे स्नान करून महाराज घाट चढत, आणि वाटेवरचा एक मनुष्य अंगावर थुंके. महाराज परत गंगेवर. असे एकशे आठ वेळा झाले म्हणतात. आपण कीर्तनकार त्या थुंकणाऱ्याच्या पश्चात्तापावर रंग भरतो. पण मला नेहमी वाटते, नाथांची परीक्षा पाण्यात नव्हतीच, ती घाटाच्या पायरीवर होती. पहिल्या थुंकीला जो श्वास अडखळला असता, तो अडखळला नाही. उलट तुझ्यामुळे आज इतकी गंगास्नाने घडली, असा उपकार त्यांनी मानला. बर्फात दहा मिनिटे बसणारा घरी येऊन भाकरी करपली म्हणून ताट फेकत असेल तर त्याने बर्फ फुकट वितळवला.

आणि आपल्याकडची पायरी कोणती ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केले, त्यात आपला बुलढाणा होता. कपाशी गेली, सोयाबीन पाण्यात कुजले, बँकेची नोटीस हातात पडली, तेव्हा छातीत जो धक्का बसतो तो थंड पाण्याच्या धक्क्याचा सख्खा भाऊ आहे. तोही श्वास तोकडा करतो, डोळ्यांपुढे अंधारी आणतो आणि आता सारे संपले असे सांगतो. श्वासाने कर्ज फिटत नाही. फिटते म्हणणारा बुवा लबाड समजावा. कर्ज, भाव, पाणी यांचा झगडा गावाने मिळून करायचा आहे. पण त्या घटकेला माणूस एकटा उठून शेताकडे जाऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे. लांब श्वास सोडावा, नाम घ्यावे आणि शेजारच्याच्या ओसरीवर जाऊन बसावे. ज्याच्या ओसरीवर कुणी असा येऊन बसेल, त्याने उपदेश करू नये. चहा ठेवावा, घरच्या माणसांना निरोप धाडावा, आणि रात्र असेल तर त्याला एकटे परत पाठवू नये.

नेम करायचा असेल तर कोजागिरीपासून करा. घागर रात्रीच भरून अंगणात ठेवावी. पहाटे आधी पायांवर, मग हातांवर, मग पाठीवर पाणी घ्यावे. डोक्यावर एकदम ओतू नये. प्रत्येक तांब्याला एक नाम, तेही श्वास सोडताना. सात-आठ तांबे पुरेत. मग अंग कोरडे करून काकड्याला यावे. आमच्या मंदिरात टाळांचे दोन-तीन जोड नेहमी शिल्लक असतात.