संकल्प सोडण्याचा अधिकार

केलेला संकल्प तडीस नेणे हा सद्गुण होय, असे सर्वत्र मानले जाते. परंतु संकल्प सोडणे हेच कर्तव्य ठरेल अशी वेळ आल्यास ते कर्तव्य कोणाचे? या प्रश्नाच्या विचारास अमेरिकेतील एक घटना उपयोगी पडते.

सात वर्षांच्या एका बालिकेने छोट्या खाजगी विमानाने अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यावे, असा बेत सन १९९६ मध्ये जाहीर झाला. समागमे पिता व विमानविद्येचा शिक्षक होते. बालिकेस परवाना मिळण्याचे वय नव्हते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने वैमानिक तो शिक्षकच. १० एप्रिल रोजी कॅलिफोर्नियातून निघून मंडळी वायोमिंग राज्यातील शायेन येथे मुक्कामास उतरली. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांचे लक्ष प्रवासाकडे लागलेले होते.

११ एप्रिलच्या सकाळी शायेन येथे वादळी पाऊस येऊन ठेपला. ते विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच आहे. तेथे हवा विरळ. त्यामुळे यंत्राची शक्ती उणावते व विमानास वर चढणे जड जाते. त्यातच विमानाचे वजन ठरलेल्या मर्यादेहून अधिक होते. तरीही उड्डाण झाले. थोड्याच क्षणांत वेग अपुरा पडला, पंखांचा हवेवरील आधार सुटला, विमान कोसळले आणि तिघेही मृत्यू पावले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी करून बिघडत्या हवेत निघण्याचा वैमानिकाचा निर्णय व वेग न राखणे ही कारणे दाखविली. प्रवासाचे अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, व त्यामागे काही अंशी प्रसिद्धीमाध्यमांस दिलेले शब्द, यांचाही तीत वाटा सांगितला.

येथे शंका येते की, वादळ हेच कारण नव्हे काय? याचे समाधान असे की, वादळ हे निमित्त होय. जो भूमीवर थांबला, त्याच्या माथ्यावरूनही तेच वादळ निघून जाते. निमित्तास कारण म्हटले की मनुष्याची जबाबदारी लोपते, आणि बोधही लोपतो.

दुसरी शंका अशी की, बालिकेची स्वतःची इच्छा होती. इच्छा असणे वेगळे आणि अधिकार असणे वेगळे. ज्यास धोक्याचे ज्ञान नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. तिच्या वाट्याचा विवेक वडीलधाऱ्यांनीच करावयाचा असतो.

तिसरी शंका अधिक कठीण आहे. पिता व शिक्षक यांना बालिकेचे अहित इच्छावयाचे नव्हते. शिवाय स्वतःचे प्राणही त्यांनी त्याच विमानात ठेवले होते. मग दोष कोणता? दोष हेतूत नाही. निघावे की थांबावे, हे हवेकडे पाहून ठरवावयाचे होते. तेथे आधीच जाहीर केलेल्या दिवसांचे वजन पडले. संकल्प हा सेवक असावयाचा, तो स्वामी झाला. भाविकांनी भरलेली नाव पूर चढत्या नदीत लोटण्याचा आग्रह सर्वांनी धरला, तरी नावाड्याने दोर सोडू नये. सर्वांचा रोष सोसून नाही म्हणणे, यासाठीच वल्हे त्याच्या हाती दिलेले असते.

त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला व परवाना नसलेल्या व्यक्तीने विक्रमासाठी विमान चालविण्यास मनाई झाली. परंतु कायदा एक मार्ग बंद करतो. लोकेषणा दुसरा शोधते.

मृतांची निंदा करणे हे या विचाराचे प्रयोजन नव्हे. घरात, आश्रमात वा प्रवासात ज्याच्या शब्दावर इतर विसंबतात, त्याने जाणावे की अनुमती देण्याचा अधिकार आणि ती परत घेण्याचे कर्तव्य ही एकाच हाती असतात. जो परत फिरतो, त्यास चार दिवस लोक हसतात. परंतु त्याच्या भरवशावर निघालेली लेकरे घरी पोहोचतात.