जमावातील माणसाची जबाबदारी

खून सिद्ध झाला तरी तो करणाऱ्याचा विवेक त्या क्षणी कितपत शाबूत होता, याचा विचार शिक्षा ठरवताना व्हावा, या तत्त्वाला ‘उणावलेली जबाबदारी’ म्हणता येईल. इंग्लंडने 1957 च्या मनुष्यवधविषयक कायद्यात ते स्वीकारले, आणि मनोविकारामुळे विवेक बराच क्षीण झालेल्या आरोपीचा गुन्हा खुनाच्या खालच्या पायरीवर आणला. भारतीय दंड संहितेच्या कलम 84 ने मात्र संपूर्ण असमर्थतेलाच संरक्षण दिले. खुनाला फाशी किंवा जन्मठेप एवढेच पर्याय असल्यामुळे अर्धवट भानाचा विचार प्रामुख्याने या दोहोंतील निवडीपुरता उरतो.

हा प्रश्न धुळे जिल्ह्यात वेगळ्या रूपात पुढे आला. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात नेऊन ठार मारले. खटल्यात उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांत कोणी वेडा होता असे नव्हे. पण अफवेने पेटलेल्या गर्दीत माणसाचे स्वतःवरचे नियंत्रण सुटते, हे मान्य केले तर त्याची जबाबदारीही उणावते काय?

दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा प्रश्नावर सामाजिक मानसशास्त्रज्ञांची साक्ष ऐकली. जमावात व्यक्तीची स्वतंत्र ओळख विरघळते आणि ती इतरांच्या मागे फरपटत जाते, हा युक्तिवाद काही खटल्यांत शिक्षा सौम्य करण्यास पुरेसा ठरला. एका तरुणीच्या हत्येप्रकरणी पाच जणांच्या वाट्याला फाशीऐवजी वीस महिन्यांची कैद आली. भारतात बच्चनसिंग खटल्यात (1980) डॉ. चितळे या वकिलांनी सुचवलेल्या, शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींच्या यादीत तीव्र मानसिक वा भावनिक क्षोभ, दुसऱ्याचे दडपण आणि आपण करतो ते नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे ही आरोपीची समजूत, या तिन्हींचा समावेश आहे.

ही शेवटची बाब राईनपाड्याला लागू करताना मात्र सावध राहावे लागते, कारण मुलांना वाचवतो आहोत ही समजूत कितीही प्रामाणिक असली तरी ती कोणाविषयी झाली हे महत्त्वाचे आहे. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहणाऱ्या मनाला मोबाइलवरचा अफवेचा संदेश केवळ निमित्त पुरवतो, आणि पूर्वग्रहातून आलेल्या खात्रीला सवलत देणे म्हणजे पूर्वग्रहालाच सवलत देणे होय. शिवाय बाजारातून कार्यालयापर्यंत नेण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोलिसांना बोलावण्याचा विचार कोणालाही सुचू शकतो.

तरीही जमावातील प्रत्येकाचा वाटा सारखा नसतो. दाराशी उभा राहिलेला, काठी चालवणारा आणि चिथावणी देणारा यांच्यात नैतिक अंतर आहे. परंतु बेकायदेशीर जमावाचा समान उद्देश सिद्ध झाला की दंड संहितेच्या कलम 149 ने तिघेही सारखेच दोषी ठरत आणि शिक्षेची तळाची पायरी जन्मठेपच राहत असे. अशा कायद्यात वाट्याचे मोजमाप शिक्षेच्या टप्प्यावर नीट होऊ शकत नाही. मग ते पुराव्याच्या टप्प्यावर, ओळख पटली की नाही या रूपाने आडून होण्याचा धोका राहतो, आणि तेथे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते.

योगायोगाने 1 जुलै 2024 रोजी, राईनपाड्याला सहा वर्षे झाली त्याच दिवशी, दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा यांसारख्या कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आली. ऑगस्ट 2023 च्या मसुद्यात तिच्यासाठी किमान सात वर्षांच्या कैदेचाही पर्याय होता. एकट्याने केलेल्या खुनापेक्षा जमावाने केलेला खून स्वस्त ठरतो या रास्त टीकेनंतर तो वगळण्यात आला. जमावाला सरसकट मिळणारी ती सवलत गेली हे योग्यच झाले, मात्र दाराशी उभ्या असलेल्याचा वाटा वेगळा मोजणारी पायरी ना जुन्या संहितेत होती, ना नव्या संहितेत आली.