न्यायासनावरील माणूस

तापीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरात दाऊदी बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी आहे. दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात. त्याच बोहरा समाजाच्या सुलेमानी शाखेत १८४४ साली जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्रावरून आम्ही एक जुनाच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत : न्यायासनावर बसणाऱ्याने आपली मते उंबरठ्याबाहेर ठेवावीत काय, आणि ती तशी ठेवता येतात काय?

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९७ च्या ऑगस्टात राजद्रोहाचे आरोपी लोकमान्य टिळक यांचा जामिनाचा अर्ज त्यांच्यापुढे आला. न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनी तत्पूर्वी जामीन नाकारला होता. तय्यबजींनी तो दिला.

कोणी म्हणेल, जुना काँग्रेसवाला काँग्रेसवाल्याच्या मदतीस धावला. दुसरा म्हणेल, १८९३ च्या दंग्यांनंतर सरकार मुसलमानांस झुकते माप देते असे लिहिणाऱ्यालाच मुसलमान न्यायाधीशाने सोडले, केवढे हे औदार्य! आमच्या मते दोघेही न्यायमूर्तींवर अन्याय करतात. कारण दोघेही निर्णयाचे मूळ माणसाच्या मनात शोधतात, त्याने दिलेल्या कारणात नव्हे. ते कारण साधे होते : जामीन म्हणजे आरोपी खटल्यास हजर राहील याची हमी. ती मिळत असता त्यास कोंडून ठेवले आणि पुढे तो निर्दोष ठरला, तर तुरुंगातले दिवस त्यास कोण परत देणार?

या कारणाला टिळकांच्या नावाची गरज नाही. तेथे वैऱ्याचे नाव घाला, अनोळख्याचे घाला. कारण ढळत नाही. मते कोणालाच उंबरठ्याबाहेर काढून ठेवता येत नाहीत. मात्र मित्र आणि वैरी दोघांनाही सारखेच लागू पडेल असे कारण देणे माणसाच्या हाती असते. निःपक्षपात तो हाच.

सप्टेंबरात ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांस दोषी ठरविले व न्या. स्ट्रेची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. जामिनाच्या त्या निर्णयाचे मोल त्यामुळे उणावत नाही. पुढे १९०८ मध्ये टिळकांचा जामीन नाकारला तो न्या. दावर यांनी, १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर तेच होते. आसन बदलले की कारणही बदलते काय, हा प्रश्न केवळ न्यायाधीशांचा नव्हे. पंच, शिक्षक, घरातील वडीलधारे, आपण सर्वच केव्हा ना केव्हा त्या आसनावर बसतो.